पाणी मानवतंय का?

लग्नानंतर पहिले काही महिने माहेराहून आईचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "थयचा पाणी मानावता मां गो तुका?" जेवलीस का, सासूबाई कशा आहेत, हे सगळं नंतर. आधी पाणी. मी मालवण तालुक्यातली, कर्ली खाडीच्या काठची, आणि मला दिलं थेट बार्शीला. खाडीच्या काठी राहूनही आमच्या विहिरीचं पाणी मऊ, गोड. इथे बोअरचं. साबणाला फेस येईना, नळाच्या तोटीवर पांढरे थर, तुरीची डाळ सहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा दाणा वेगळी. केस गळले, पोट बिघडलं. सहा महिन्यांनी कुठे आईला सांगता आलं, "हो, मानवलं."

हाच प्रश्न मी एक दिवस माशांना विचारत बसेन, असं कुणी म्हटलं असतं तर मी हसलेच असते. माहेरी मासा म्हणजे ताटातला. सासर माळकरी. त्यामुळे लेकीने आठव्या वाढदिवसाला फिशटँक मागितला तेव्हा घरात जरा शांतताच पसरली. सासूबाई गळ्यातल्या माळेला हात लावून एवढंच म्हणाल्या, "पाळायचे तर पाळा. पण आपल्या हातून जीव जाता कामा नये." झालं! ती जबाबदारी अर्थातच माझ्यावर आली. घरातल्या अशा जबाबदाऱ्या कुणाकडे येतात ते तुम्हाला सांगायला नकोच.

दोन फुटांची टाकी आली, पंचेचाळीस लिटर पाणी मावणारी. चार काळ्या मोली, सहा निऑन टेट्रा (ते निळ्या-लाल पट्टीचे, अंधारात दिवा लावल्यासारखे दिसणारे) आणि तळाशी मिशा हलवत फिरणारे दोन कोरी. सगळे एकाच दिवशी, एकाच दुकानातून. बोअरचंच पाणी भरलं. मासे मजेत होते. लेक शाळेतून आली की दप्तर टाकून आधी टाकीसमोर.

मग आमच्याकडे आरओ बसला. आणि माझ्या मनाने घेतलं, आपण एवढं शुद्ध पाणी पितो आणि या मुक्या जिवांना तेच जाडं पाणी? दोन रविवारांत निम्मं निम्मं करून सगळं पाणी आरओचं केलं. नवऱ्याला सांगितलंसुद्धा, बघा, कशी स्वच्छ दिसतेय टाकी! आठवड्याभरात मोलींनी पोहणं सोडलं. म्हणजे पाण्यात होत्या, पण जागच्या जागी डुलत, थरथरत. थंडी वाजल्यावर माणूस कापतं तशा. पर मिटून घेतलेले. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "जाडं मीठ टाका ताई, दोन चमचे. आणि पाणी बदललं की पुन्हा टाका."

टाकलं. तीन-चार दिवसांत मोली ताज्यातवान्या! मला तर डॉक्टर झाल्यासारखं वाटलं. पुढे उन्हाळा लागला. बार्शीचा एप्रिल, पारा बेचाळीसवर. टाकीतलं पाणी दर चार दिवसांनी चार बोटं खाली जायचं. मी भर घालायची आणि सोबत पोह्याचा चमचा भरून मीठ. तो म्हणाला होता, "पाणी बदललं की." मी ऐकलं, "पाणी घातलं की." एवढाच फरक. पण पाणी उडून जातं तेव्हा मीठ मागेच राहतं, हे ज्या बाईने उभ्या जन्मात हजार वेळा आटलेली आमटी खारट झालेली चाखलीय, तिच्या लक्षात येऊ नये?

मे महिन्यात निऑनचे रंग उतरायला लागले. मग एक सकाळी तळाशी दिसला. दोन दिवसांनी दुसरा. मला वाटलं उन्हाने. टाकीवर ओलं फडकं घातलं, पंखा लावला. तिसरा, चौथा, पाचवा. एक कोरीही गेला. लेक प्रत्येकाला परसातल्या मोगऱ्याखाली पुरत होती. सासूबाई काही बोलत नव्हत्या, आणि ते न बोलणं फार बोलत होतं.

उलगडा केला तो आरओची कँडल बदलायला आलेल्या मुलाने. त्याच्याकडे ते पेनासारखं टीडीएस मीटर असतं ना, पाण्यात बुडवलं की विरघळलेल्या क्षारांचा आकडा दाखवणारं. आरओचं पाणी मोजलं, चाळीस. बोअरचं, नऊशे. लेक म्हणाली, "दादा, आमच्या टाकीचं पण बघा ना." त्याने पेन बुडवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. तीन हजार चारशे. मीठ घातलंय का काय, त्याने विचारलं. मी मनातल्या मनात चमचे मोजले. बारा. दीडशे ग्रॅमच्या वर मीठ, पंचेचाळीस लिटरमध्ये. लेकीने माझ्याकडे बघून विचारलं, "आई, मीठ तू घालत होतीस ना?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बीएस्सीला झूलॉजी घेतलेली बाई. ऑस्मोसिसवर सहा मार्कांचं उत्तर घोकून लिहिलं होतं आणि सहापैकी साडेपाच मिळवले होते. ते उत्तर कॉलेजात राहिलं, स्वयंपाकघरात कधी आलंच नाही. त्या रात्री माळ्यावरची जुनी पुस्तकं काढून बसले.

मैत्रिणींनो, गोष्ट तशी आपल्याच ओट्यावरची आहे. मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात. कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की त्यांना पाणी सुटतं. जिकडे क्षार जास्त, तिकडे पाणी धावतं. आता मासा डोळ्यांपुढे आणा. कोणताही आपला नेहमीचा मासा घ्या, तळ्यातला किंवा समुद्रातला, त्याच्या रक्तातले क्षार जवळपास सारखेच असतात. दवाखान्यात आपल्याला सलाइन लावतात त्यात लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं, साधारण त्याच्या आसपास. गोड्या पाण्यात लिटरला अर्धा ग्रॅमही क्षार नसतात. समुद्राच्या पाण्यात ३५ ग्रॅम. म्हणजे रक्त तेच, पण गोड्या पाण्यातला मासा आहे मनुका आणि समुद्रातला मासा आहे मीठ लावलेली कैरी.

गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात, विशेषतः नाजूक कल्ल्यांतून, पाणी सारखं घुसत असतं. तो फुगून मरत नाही कारण त्याची मूत्रपिंडं अहोरात्र उपसा करतात. भरपूर, अगदी पातळ लघवी. या उपशात थोडे क्षारही वाहून जातात, ते कल्ल्यांतल्या खास पेशी पाण्यातून वेचून पुन्हा आत घेतात. असा मासा पाणी जवळपास पीतच नाही. गरजच काय?

समुद्रातल्या माशाचं उलटं. त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. चहूकडे पाणी आणि हा सुकतोय! म्हणून तो समुद्राचं पाणी पितो. १९३० साली होमर स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने पाण्यात रंग मिसळून हे दाखवलं. रंग माशाच्या आतड्यात सापडला, म्हणजे मासा पाणी गिळत होता. प्यायलेलं मीठ बाहेर टाकायचं काम पुन्हा कल्ल्यांतल्या पेशींचं. लघवी मात्र अगदी थोडी, पाण्याची काटकसर. म्हणजे त्याच कल्ल्यांत एकीकडे मीठ आत ओढणारे पंप, दुसरीकडे बाहेर फेकणारे. बहुतेक माशांना यातलं एकच काम येतं. गोल्डफिश समुद्रात टाकला तर सुकून मरेल आणि 'फाइंडिंग निमो'तला तो नारिंगी क्लाउनफिश आपल्या टाकीत टाकला तर त्याच्या अंगात पाणी साचून मरेल. (लेकीला निमोच हवा होता आधी. मी म्हटलं होतं, त्यात काय, मीठ घालू! देवानेच वाचवलं. समुद्राच्या पाण्यात नुसतं मीठ नसतं, मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट असं बरंच काही असतं. त्यासाठी वेगळं तयार मिश्रण मिळतं. घरच्या मिठाच्या पुड्याने समुद्र होत नाही.)

पण काही मासे असे असतात की त्यांना दोन्ही कामं येतात. आपली मोली त्यातली. मोलींचं माहेर मेक्सिको, मध्य अमेरिका आणि अमेरिकेचा दक्षिण किनारा. नद्यांत, खाड्यांत, मिठागरासारख्या दलदलीत, सगळीकडे राहतात. हळूहळू सवय लावली तर पूर्ण समुद्राच्या पाण्यातही जगतात. त्यांना न मानवणारं पाणी कोणतं, तर अगदी कोरं, क्षार नसलेलं. पाण्यात कॅल्शियम असलं की कल्ल्यांची गळती कमी होते. ते नसलं की अंगातले क्षार जास्त पाझरतात, आणि त्यांचा सगळा जीव ते भरून काढण्यात जातो. माझं आरओचं पाणी म्हणजे त्यांना उपासच होता. ज्या बोअरच्या पाण्याला मी पंधरा वर्षं नावं ठेवली, ज्यात माझी डाळ शिजत नाही, तेच माझ्या मोलींना हवं होतं! आणि मिठाने त्या सुधारल्या यात नवल नव्हतं.

निऑन टेट्रा मात्र ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. पालापाचोळा कुजून चहासारखं झालेलं, अतिशय मऊ, जवळपास क्षारच नसलेलं पाणी ही त्यांची मूळ जागा. दुकानात येतात ते बहुतेक पैदास केलेले असतात, त्यामुळे थोडंफार जास्त सोसतात. आमच्या आधीच्या बोअरच्या पाण्यातही त्यांनी सोसलंच होतं. पण लिटरला तीन ग्रॅमच्या वर मीठ, तेही वाढत वाढत जाणारं, हे त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. समुद्राच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा खारटपणा फक्त! आपल्या जिभेला तो धड खारटही लागत नाही. मोलींना जे औषध होतं त्यानेच निऑन गेले, आणि दोघं एका काचेत होते. ही माझी खरी चूक. मीठ नंतरचं.

पुस्तकांतून एक गोष्ट अशी सापडली की मी रात्री अकरा वाजता नवऱ्याला उठवून सांगितली. बाळंतपणानंतर आपल्याला दूध येतं ते प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकामुळे. तेच प्रोलॅक्टिन माशातही असतं. तिथे दुधाचा काय संबंध? अमेरिकेत येल विद्यापीठात ग्रेस पिकफर्ड नावाची बाई होती. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या खाड्यांत किलीफिश नावाचा बोटभर मासा असतो, गोड्या-खाऱ्या दोन्ही पाण्यांत राहणारा. त्याच्या मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी काढली तर तो खाऱ्या पाण्यात जगतो, पण गोड्या पाण्यात मरतो. १९५९ साली पिकफर्ड आणि तिचा सहकारी फिलिप्स यांनी अशा माशांना प्रोलॅक्टिन टोचलं, आणि ते गोड्या पाण्यात तगले. अंगातलं मीठ धरून ठेवायला हे संप्रेरक लागतं. नवरा म्हणाला, "बरं," आणि कूस बदलून झोपला. पण मला बराच वेळ झोप आली नाही.

संप्रेरकांचं काम आहे म्हणूनच त्याला वेळ लागतो, हेही तेव्हा कळलं. दोन्ही पाण्यांत राहू शकणाऱ्या माशालासुद्धा कल्ल्यांतल्या जुन्या पेशी बदलून नव्या कामाच्या घडवाव्या लागतात. त्याला काही तास, बहुधा काही दिवस जातात. दुकानातून आणलेली पिशवी फोडून मासा धपकन टाकीत सोडायचा नाही, ती याचमुळे. पिशवी आधी अर्धा तास टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवायची, मग वाटी वाटीने टाकीचं पाणी तिच्यात घालत जायचं. आणि मोलीला खाऱ्या पाण्याची सवय लावायची तर आठवडे द्यायचे. माशाचं नाव "सोशिक" आहे म्हणून एका दिवसात सगळं सोसायला लावायचं नाही.

असे सोशिक मासे आपल्या ओळखीचेही आहेत. डेंग्यूच्या दिवसांत आरोग्य खात्याचे लोक हौदात, डबक्यात सोडायला गप्पी मासे देतात, ते मोलीचेच नातलग, त्रिनिदाद-व्हेनेझुएलाकडचे. थोडंफार खारं पाणी त्यांना चालतं. आमच्याकडे उजनीचं चिलापी विकायला येतं, ते तिलापिया घराण्यातलं. त्यातली मोझांबिक तिलापिया पूर्व आफ्रिकेतल्या नदीमुखांची, १९५२ साली भारतात आणलेली. ती समुद्राच्या पाण्यात जगते, नुसती जगत नाही, पिल्लंही घालते. रायगडकडच्या मैत्रिणींना जिताडा सांगायला नको. खारेपाटातल्या शेततळ्यात गोड्या पाण्यात वाढतो, पण अंडी घालायला त्याला खाडीच्या तोंडाशी खारं पाणीच लागतं.

फसगत होते ती दुकानात. चंदेरी चपटा मोनो, ठिपक्यांचा स्कॅट, तोंडातून पाण्याची पिचकारी मारून किडा पाडणारा आर्चरफिश, हे सगळे मुळात खाडीचे. पण लहान असताना गोड्या पाण्यात तग धरतात, म्हणून गोड्या पाण्यातले म्हणून विकले जातात. वर्षभराने मोठे होतात आणि खंगायला लागतात, तेव्हा आपल्याला वाटतं खाणं कमी पडलं. त्यांच्यासाठी निमखारं पाणी करायचं तर चमच्याचा अंदाज उपयोगाचा नाही. दूधवाल्याच्या लॅक्टोमीटरसारखं हायड्रोमीटर मिळतं. साध्या पाण्यात ते १.००० दाखवतं, समुद्रात १.०२५ च्या आसपास. खाडीच्या माशांना यांच्यामधलं, साधारण १.००५ ते १.०१५ ठेवतात. विकत घेताना एकच प्रश्न विचारा, हा मोठा झाल्यावर कुठल्या पाण्यात राहतो? दुकानदाराला सांगता आलं नाही तर सरळ घरी या.

मीठ वाईटच, असंही नाही हं. पांढरे ठिपके येतात त्या रोगात किंवा नव्या टाकीत नायट्राइट वाढलं की जाणकार लिटरला १ ते ३ ग्रॅम मीठ सुचवतात. नायट्राइट कल्ल्यांतून ज्या वाटेने आत शिरतं ती वाट मिठातलं क्लोराइड अडवतं. पण ते औषध म्हणून, काही दिवसांपुरतं, माशाची जात बघून आणि काट्यावर मोजून. उडालेल्या पाण्याची भर घालायची ती नुसत्या पाण्याची. खाऱ्या टाकीतसुद्धा. मीठ फक्त जेवढं पाणी काढून टाकलं, तेवढ्याच पाण्यापुरतं.

आमच्याकडे आता दोन टाक्या आहेत. मोठीत बोअरचं पाणी आणि मोली, ज्यांची आता बावीस पिल्लं झालीत आणि कुणाला द्यायची हा प्रश्न आहे. छोटीत आरओमध्ये थोडं बोअरचं मिसळलेलं पाणी, तिथे उरलेला एक निऑन, त्याला सोबत म्हणून आणलेले पाच, आणि तो एकटा कोरी. पाणी एकदम बदललं नाही, पंधरा दिवस रोज दोन-दोन तांब्ये बदलत गेले. लेकीने वाढदिवसाला काय मागितलं, तर टीडीएस मीटर. वहीत रोज आकडे लिहिते. सासूबाई सकाळी तुळशीला पाणी घातलं की टाकीशी येऊन विचारतात, "आज किती गं?"

दिवाळीला ती ते मीटर घेऊनच मालवणला आली. आमच्या घराखालून खाडी वाहते, समुद्रापासून बरीच आत. ओहोटीला तिने पेन बुडवलं, साडेचार हजार. भरती भरल्यावर पुन्हा बुडवलं, तर आकडाच दाखवेना, मीटरची मजल संपली. दादाच्या जाळ्यात काळुंदर होतं. गोव्यापासून केरळपर्यंत खाडीत मिळतं, केरळात त्याला करीमीन म्हणतात आणि २०१० पासून तो तिथला राज्यमासा आहे. टाकीतही पाळतात. नर-मादी दोघं मिळून अंडी राखतात. लेकीने विचारलं, मामा, सकाळी गोडं, दुपारी खारं, याला त्रास नाही होत? दादा जाळं झटकत म्हणाला, "काळुंदराक गोडा काय नि खारा काय, दोनय चलतत. पावसात मातर खालच्या अंगाक जाता." ते तिने वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळी पडवीत आई नातीच्या केसांना तेल लावत होती. सवयीने तिच्या तोंडून आलंच, "बार्शीचा पाणी मानावता मां गो तुका?"

"आजी," लेक म्हणाली, "नऊशे आहे."